साखर म्हणावे तर भाकर ऐकू येते

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खाणवस्तीतले घर. घरधनी कोळसा खाणीत तीस वर्षे ड्रिलवर काम करून निवृत्त झालेले. काही वर्षांपासून त्यांच्या कानात रात्रंदिवस रातकिडे ओरडत असत. बाहेर शांतता झाली की कानातला आवाज वाढे. झोप मोडे, चिडचिड होई. मुलाने वडिलांचे हाल पाहून नागपूरहून हप्त्यावर एक यंत्र आणले. कानात घालायचे, बटण फिरवले की 'श्श्श' असा एकसारखा आवाज देणारे. दुकानदार म्हणाला, "हे लावा, कानातला आवाज झाकला जाईल."

आवाज झाकला गेला, ही गोष्ट खरी. दोन-चार दिवस घरात आनंद होता. मग एका सकाळी बाईंनी स्वयंपाकघरातून हाक दिली, "अहो, साखर संपली, साखर घेऊन या." बाहेरून उत्तर आले, "भाकर त आत्ताच खाल्ली ना!" नातवंडे पोट धरून हसली. पण असे रोजच होऊ लागले, तेव्हा हसणे थांबले आणि भांडण सुरू झाले. बाईंचे म्हणणे, "पहिले कमी ऐकत होते, आता त ऐकूनच नाही राहिले." त्यांचे म्हणणे, "तुम्ही सगळे तोंडातल्या तोंडात बोलता." विहारातल्या पौर्णिमेच्या बैठकीला जाणेही त्यांनी सोडले. कोण काय बोलले ते कळत नाही, विचारले भलतेच आणि उत्तर भलतेच जाते, लोक एकमेकांकडे पाहतात. त्यापेक्षा घरी बसलेले बरे.

वाचकहो, या घरात कोणाचीच चूक नव्हती. यंत्र खोटे नव्हते, बाई पुटपुटत नव्हत्या आणि आबाजी मुद्दाम दुर्लक्षही करत नव्हते. कानातला आवाज झाकणारी वस्तू माणसांचे बोलणेही झाकू शकते, एवढी एकच गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती. आपल्या भागात कान वाजणारी माणसे बरीच आहेत. म्हणून आज या विषयाचा जरा खोलात जाऊन विचार करू.

बाहेर आवाज नसताना कानात शिट्टी, घुंई, रातकिडे किंवा यंत्राची घरघर ऐकू येणे याला वैद्यकात कर्णनाद म्हणतात. आपण 'कान वाजतो' म्हणतो. बहुतेकांच्या बाबतीत तो ऐकू कमी येण्याच्या पाठोपाठ येतो. आपल्या कानाच्या आत शंखासारखी एक नळी आहे. तिच्यात आवाज पकडणाऱ्या केसाळ पेशी असतात. एका कानात मोजल्या तर सुमारे १५ हजार. त्या मेल्या तर माणसात पुन्हा उगवत नाहीत. पेशी मेल्या की त्या सुरांचा निरोप मेंदूकडे जाणे थांबते. मग मेंदू काय करतो? रेडिओ लागत नाही म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवत जातो, स्टेशन लागत नाही आणि नुसती खरखर मोठी होते. मेंदूतही काहीसे तसेच होते. म्हणजे कान वाजतो म्हणायचे, पण वाजत असतो तो मेंदू.

या पेशी मरतात कशाने? वयाने मरतातच. पण चंद्रपूरकडे नजर टाका. कोळसा खाणी, ऊर्जानगरचे महाऔष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरची कागद गिरणी, राजुरा-कोरपना भागातले सिमेंटचे कारखाने. गडचिरोलीत देसाईगंजपासून ठिकठिकाणच्या धान गिरण्या, आरा गिरण्या आणि आता एटापल्लीच्या डोंगरात लोहखनिजाची खाण. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. खाणीतले हवेवर चालणारे ड्रिल १०० च्या वर जाते. ही मोजणी सरळ नाही. दर १० डेसिबलला आवाजाची शक्ती दहापट होते. म्हणजे ६० वरून १०० वर जाणे ही दहा हजार पटीची उडी आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९७५ सालच्याच परिपत्रकात ८५ डेसिबलला इशारा आणि ९० ला धोका अशा रेषा आखून दिल्या होत्या. आपल्याला मोजमापाचे यंत्र नको. हातभर अंतरावरच्या सोबत्याशी ओरडून बोलावे लागत असेल, तर त्या जागी कान खराब होत आहे असे समजावे.

आपल्या जंगल भागात आणखी एक कारण आहे, आणि ते जुन्या लोकांना चांगले आठवेल. हिवतापावर कुनैनच्या गोळ्या घेतल्या की कान वाजू लागत. कुनैनने कान वाजतो, ऐकू कमी येते. बहुतेक वेळा औषध थांबले की उतरते. आता हिवतापावर मुख्यतः दुसरी औषधे देतात, कुनैनची वेळ क्वचित येते. पण क्षयरोगावरची स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शने ज्यांनी महिनोन्‌महिने घेतली, त्यांच्यापैकी काहींचा कान कायमचा गेला. असे कोणी घरात असेल तर कान तपासताना डॉक्टरांना ते अवश्य सांगावे. जुने कागद शोधून न्यावेत.

आता मुद्द्याकडे येऊ. साखरेची भाकर का होते?

आपले बोलणे दोन तऱ्हेच्या आवाजांनी बनते. आ, ई, ऊ, ए, ओ हे स्वर जाड आणि दमदार असतात. बोलण्याचा जोर त्यांच्यात असतो. कोणीतरी बोलत आहे, बाई की पुरुष, रागात की प्रेमात, हे त्यांच्यावरून कळते. पण शब्द कोणता, हे सांगतात ती व्यंजने. आणि त्यातली स, श, च, त, थ, ख, फ ही व्यंजने बारीक, उंच सुराची आणि अगदी दुबळी असतात. ताट, थाट, खाट, पाट, चाट. पाचही शब्दांत 'आ' तोच, शेवटचा 'ट' तोच. सगळा अर्थ पहिल्या अक्षराच्या क्षणभराच्या आवाजात. 'ताट' आणि 'थाट' यांच्यात तर फरक फक्त 'त'च्या मागून सुटलेल्या एका फुंकरीचा. इंग्रजीत 'त' आणि 'थ' बदलला तरी बहुधा अर्थ बदलत नाही. आपल्या भाषेत 'काल' आणि 'खाल', 'पळ' आणि 'फळ' हे वेगळेच शब्द होतात. म्हणून मराठी कानाला बारीक आवाजांची गरज जास्त आहे, असे आम्हाला वाटते.

गोंगाटाने खराब झालेला कान नेमका याच बारीक सुरांना आधी मुकतो. ऑडिओमेट्री नावाची तपासणी केली की कागदावर ४००० हर्ट्‌झच्या आसपास खड्डा पडलेला दिसतो. खाणीतल्या, गिरणीतल्या कामगाराचा कागद तज्ज्ञ दुरूनही ओळखतात. असा माणूस म्हणतो, "आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही." घरचे त्यावर विश्वास ठेवत नाहीत. ऐकू येते तर कळत कसे नाही? कारण स्वर ऐकू येतात आणि व्यंजने गळतात. 'साखर'मधला 'स' गळाला की उरते 'आखर', आणि मेंदू ओळखीचे काहीतरी पुढे जोडून देतो. भाकर जोडली जाते, कारण नुकतीच खाल्लेली असते!

काही जणांचा तर कागदही ठीक येतो, तरी गर्दीत बोलणे कळत नाही. २००९ साली अमेरिकेत बोस्टन येथे शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांनी उंदरांची ऐकू येण्याची पातळी पूर्ववत झाली, पण पेशी आणि नस यांच्यामधल्या जोडण्या काही भागात निम्म्याच्या आसपास कायमच्या तुटलेल्या आढळल्या. माणसात हे किती प्रमाणात घडते यावर अजून संशोधन चालू आहे. तोवर रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून घरच्या माणसाला ढोंगी ठरवू नये.

आवाजाने आवाज झाकण्याची युक्ती नवी नाही. पॅरिसचे डॉक्टर इटार्ड यांनी १८२१ सालच्या ग्रंथात कानातल्या आवाजाशी मिळताजुळता बाहेरचा आवाज रुग्णाजवळ ठेवण्याचा उपाय सांगितला. शेकोटीतली ओली लाकडे सूं-सूं करतात तसा आवाज असेल तर तशी शेकोटी. धबधब्यासारखा असेल तर पाणचक्कीजवळ मुक्काम. आपल्या आयाबायांना हे वाचून गंमत वाटेल, कारण चुलीत ओले लाकूड घातले की काय आवाज होतो हे त्यांना कोणी शिकवायला नको. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जॅक व्हर्नन या संशोधकाने हा आवाज कानात मावेल एवढ्या यंत्रात बसवला. त्याला मास्कर म्हणतात. त्याच्याही मागे एका कारंज्याची कथा सांगतात. कान वाजणारे एक डॉक्टर त्याच्याबरोबर फिरत असताना कारंज्यापाशी थांबले आणि तिथून हलायलाच तयार होईनात, कारण पाण्याच्या आवाजात त्यांचा कान गप्प झाला होता.

आपल्याकडेही असा अनुभव पुष्कळांना आहे. पावसाळ्यात टिनाच्या छपरावर सरी कोसळतात तेव्हा कान वाजणारा माणूस गाढ झोपतो. पाऊस थांबला की जागा होतो. पण त्याच पावसात शेजारच्या माणसाशी बोलून पाहा. ओरडावे लागते ना? मास्करचेही तेच आहे. फरक एवढाच की हा पाऊस एकट्या आबाजींच्या कानात पडतो आणि घरच्यांना तो दिसत नाही.

मास्करचा आवाज म्हणजे लांबवलेला 'श्श्श'. त्यात जाड-बारीक सगळे सूर मिसळलेले असतात. आणि आपले 'स', 'श', 'च' हे आवाजसुद्धा त्याच जातीचे, म्हणजे क्षणभराचा 'श्श्श'. पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या खडूने लिहावे तसे. मोठ्या 'श्श्श'खाली छोटा 'स' दिसेनासा होतो. शिवाय जाड सुरांचा गोंगाट आपल्यापेक्षा वरच्या सुरांना जास्त झाकतो. बारीक सुरांचा गोंगाट खालच्या सुरांना तेवढा झाकत नाही. म्हणून पंख्याची किंवा यंत्राची घरघर मोठी ठेवली की तिचा त्रास बारीक व्यंजनांपर्यंत पोचतो.

ज्यांचे ऐकणे चांगले आहे त्यांना हलका मास्कर फारसा नडत नाही. त्यांच्या कानात जागा मोठी असते. अगदी मंद आवाज पुरतो आणि ६० डेसिबलचे बोलणे त्याच्या वर सहज तरंगते. पण ज्याला मुळातच ५० डेसिबलखालचे ऐकू येत नाही, त्याला मास्करही त्याच्या वर नेल्याशिवाय ऐकू येणार नाही. आता एकीकडे ५० ची जमीन आणि दुसरीकडे ६० चे बोलणे. मधल्या १० डेसिबलच्या बोळात मास्करही शिरला. मग शब्दांना जायला वाट कुठली? गोंगाटात शब्द ओळखायला कमी ऐकणाऱ्या माणसाला बोलणे इतरांपेक्षा अधिक उंच लागते, हेही लक्षात घ्या. खाणकामगाराच्या कानात मास्कर बसवताना विकणाऱ्याने हा हिशेब केलेला नसतो. ज्याला आवाज झाकण्याची सर्वांत जास्त गरज, त्याचेच बोलणे त्याने सर्वांत जास्त हरवते.

आणखी एक गोष्ट आहे. तपासणीत कानातल्या आवाजाची बरोबरी बाहेरच्या आवाजाशी करून पाहतात, तेव्हा तो बहुतेक वेळा त्या माणसाच्या ऐकू येण्याच्या सीमेपेक्षा ५-१० डेसिबलच वर निघतो. रेल्वेच्या शिट्टीसारखा वाटणारा हा आवाज मोजमापात फार मोठा नसतो. त्रास मोठा असतो. मग त्याला बुजवण्यासाठी बटण शेवटपर्यंत फिरवायचे कारण काय? १९९० पासून पावेल जास्त्रेबॉफ आणि जोनाथन हेझेल यांनी वेगळाच विचार मांडला. कानातला आवाज पूर्ण झाकू नका, बाहेरचा आवाज त्यात जेमतेम मिसळेल एवढाच ठेवा. कारण पूर्ण झाकला तर मेंदूला त्याच्याकडे दुर्लक्ष करायची सवय कशी लागणार? वीज केंद्राजवळ राहणाऱ्याला यंत्रांची घरघर जाणवत नाही आणि पाहुण्याला पहिल्या रात्री झोप येत नाही, तशी ही सवय. बोलण्याच्या दृष्टीनेही मंद आवाजच बरा.

मास्कर लावून कान बरा होतो का? होत नाही. २०१८ साली कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी ध्वनी-उपचारावरचे ८ अभ्यास, एकूण ५९० रुग्णांचे, एकत्र तपासले. यंत्राने काहीच न करण्यापेक्षा किंवा नुसती माहिती देण्यापेक्षा जास्त फायदा होतो, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. याचा अर्थ कोणालाच आराम पडत नाही असा नाही. पण कर्ज काढून घेण्यासारखी ही वस्तू नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच संस्थेने २०२० मध्ये २८ अभ्यास आणि २७३३ रुग्ण पाहून सांगितले की, आवाजाबद्दलची भीती आणि विचार बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाने त्रास कमी होतो. आवाज तोच राहतो, पण जीव खात नाही.

ज्याला ऐकूही कमी येते, त्याने मास्करच्या आधी श्रवणयंत्राचा विचार करावा. श्रवणयंत्र बोलणे मोठे करते, आणि त्याबरोबर घरातला भांड्यांचा, पाखरांचा, रस्त्याचा आवाजही आणते. या बाहेरच्या आवाजातच कानातला आवाज पुष्कळ वेळा मागे पडतो. म्हणजे एका वस्तूत दोन कामे, आणि बोलणे हरवण्याऐवजी परत मिळते. श्रवणयंत्र आणि मास्कर एकत्र असलेली महाग यंत्रेही मिळतात. जेम्स हेन्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑरेगनमध्येच साधे श्रवणयंत्र आणि असे जोडयंत्र यांची तुलना केली, तेव्हा दोन्ही गटांना आराम जवळपास सारखाच पडला. जोडयंत्र घेतलेच असेल, तर बोलताना आवाज बंद आणि एकटे असताना चालू, असे बटण त्यात आहे का ते पाहावे. ते दाबायला घरच्यांनीही शिकावे.

हल्ली मोबाइलवरच पावसाचा, समुद्राचा आवाज मिळतो. पैसे लागत नाहीत म्हणून तरुण मुले आबाजींच्या कानात इअरफोन घालून देतात. हे तर दुहेरी नुकसान. आत आवाज भरतो आणि बाहेरून बूच बसते. असे बूच बारीक सुरांना जास्त अडवते, म्हणजे व्यंजने पुन्हा मेली. त्यापेक्षा मोबाइल उशापासून हातभर दूर ठेवून मंद आवाजात लावावा. जुना रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये ठेवला तरी तेच काम होते. पंखाही चालतो. रात्री बोलायचे कोणाशी नसते, म्हणून झाकण्याची खरी वेळ ती. दिवसा, चारचौघांत, यंत्र काढून खिशात.

रानात मात्र कधीच नको. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला आपली माणसे पहाटे जंगलात शिरतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, नागभीड या भागात वाघाची भीती काय असते हे इथे वेगळे सांगायला नको. वानराचा खोकल्यासारखा ओरडा, चितळाची शिट्टी, पाल्यावर पडलेले पाऊल, सोबतच्या बाईने मारलेली हाक, या सगळ्यांवर तिथे जीव अवलंबून असतो. यातले बरेचसे बारीक सुराचेच. कानात मास्कर किंवा इअरफोन घालून वाकून मोह वेचणे म्हणजे पाठीकडचे दार उघडे टाकणे. ज्याला आधीच कमी ऐकू येते त्याने एकट्याने जाऊच नये, आणि चांगले ऐकणाऱ्याच्या हाताच्या अंतरावर राहावे. रेल्वे फाटक, खाणीतला डंपरचा रस्ता, सायकलवरून जाणे, इथेही तोच नियम.

आता घरी करून पाहण्यासारखी एक परीक्षा सांगतो. कागदावर दहा शब्द लिहा: साप, ताप, माप, खाट, पाट, थाट, फळ, काल, चार, सात. यंत्र बंद ठेवून आबाजींना खुर्चीवर बसवा. घरातल्या एकाने चार हात अंतरावर उभे राहून, तोंडासमोर वही धरून, नेहमीच्या आवाजात एकेक शब्द म्हणावा. ऐकलेला शब्द त्यांनी सांगावा, नातवाने बरोबर-चूक मांडावे. मग यंत्र रोजच्या आवाजावर लावून तेच शब्द क्रम बदलून घ्यावेत. मग आवाज निम्मा करून पुन्हा. बंद असताना आठ बरोबर आणि चालू असताना चार, असे आले तर यंत्र चार शब्द खात आहे. आवाज कमी करत असा ठिकाणा शोधावा की जिथे कानातला आवाज थोडा मऊ होतो पण शब्द गळत नाहीत. असा ठिकाणा सापडलाच नाही तर ते यंत्र दिवसा वापरू नये. ही घरची चाचपणी आहे, तपासणी नव्हे. श्रवणतज्ज्ञाकडे शब्द ऐकवून करायची रीतसर तपासणी असते. यंत्र विकत घेण्यापूर्वी ती एकदा यंत्र बंद ठेवून आणि एकदा लावून करून मागावी. जो दुकानदार "त्याची गरज नाही" म्हणेल, त्याच्याकडून घेऊ नये.

तपासणी कुठे करावी? चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरचे मेडिकल आणि मेयो, तसेच सेवाग्रामचे रुग्णालय आपल्या लोकांच्या ओळखीचे आहेत. कान-नाक-घसा विभागात आधी कान पाहून घ्यावा. कधी नुसता मळ साचलेला असतो आणि तो काढताच निम्मे दुखणे जाते. गरम तेल, कांद्याचा रस घालू नये. पडदा फाटलेला असेल तर तेल आत जाते. एकाच कानात आवाज, नाडीच्या ठोक्याबरोबर ठक-ठक, चक्कर, किंवा कानातून पू, यापैकी काही असेल तर उशीर करू नये. आणि एका कानाचे ऐकणे एका रात्रीत गेले तर त्याच दिवशी निघावे. त्यावरचा इलाज पहिल्या दिवसांतच लागू पडतो. तेंदूचा हंगाम संपल्यावर जाऊ, असे म्हणाल तर कान गेला.

श्रवणयंत्रासाठी केंद्र सरकारची एडिप योजना १९८१ पासून आहे. तिला अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची आणि उत्पन्नाची अट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांनी ६० ते ७० डेसिबल कमी ऐकणाऱ्याला कमी ऐकू येणारा आणि ७० च्या पुढे बहिरा धरले आहे. नुसता कान वाजणे त्यात बसत नाही. म्हणून तक्रार सांगताना "कान वाजतो" एवढ्यावर थांबू नये, "बोलणे कळत नाही" हेही सांगावे आणि ऑडिओमेट्रीचा कागद मागून जवळ ठेवावा. गोंगाटामुळे आलेले बहिरेपण १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत होते, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांच्या यादीतही आहे. पण नोकरीत असतानाचा कागद नसला की निवृत्तीनंतर सिद्ध करणे जड जाते. जे आज खाणीत, गिरणीत आहेत, त्यांनी वर्षाकाठी होणाऱ्या तपासणीत कानाची तपासणी होते का हे विचारावे आणि तिची प्रत घरी आणावी. कानात घालायचे प्लग किंवा कानपट्ट्या मिळाल्या असतील तर त्या पेटीत ठेवू नयेत. "प्लग घातला की सोबत्याचे बोलणे कळत नाही" अशी तक्रार असते, ती खोटी नाही. पण त्या गोंगाटात प्लगशिवायही फारसे कळत नाही. म्हणून तिथे हाताच्या खुणा ठरवून घ्याव्यात.

त्या खाणवस्तीतल्या घराचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. शब्दांची परीक्षा त्यांनी घेतली. बंद असताना दहापैकी सहा, चालू असताना दोन. नातवाने आकडा मोठ्याने वाचला तेव्हा बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. आता यंत्र फक्त रात्री लागते, तेही मंद. दिवसासाठी श्रवणयंत्राचा अर्ज दिला आहे. आणि स्वयंपाकघरातून हाक देणे बाईंनी सोडले. 'भ' म्हणताना ओठ मिटतात, 'स' म्हणताना मिटत नाहीत; समोर उभे राहून बोलले तर कमी ऐकणाराही साखर आणि भाकर डोळ्यांनी वेगळी ओळखतो. त्या पदर सावरत बाहेर येतात, पुढ्यात उभ्या राहतात, त्यांनी वर पाहिल्याशिवाय तोंड उघडत नाहीत आणि मग सांगतात, "साखर. अर्धा किलो."